मी कापलेला प्रॉम्प्टरचा आवाज

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच प्रश्न विचारायचो — "रेकॉर्डिंग आहे का?" की समोरचा विषयच बदलायचा. चंद्रपुरात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नं, वाढदिवस आणि सीझनमध्ये झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं. दिवसभर लोकांचे आवाज कापायचे अन् जोडायचे, त्यामुळे स्वतःच्या कानावर माझा पूर्ण भरवसा... होता. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

ऊर्जानगरचा प्रफुल ठेकेदाराकडे कामाला आहे, पण डोक्यात सिनेमाचा किडा. त्याने पोंभुर्ण्याकडच्या जंगलात मोबाईलवर चाळीस मिनिटांची हॉरर फिल्म शूट केली. फाउंड फुटेज प्रकारातली — म्हणजे हरवलेल्या माणसाचा मोबाईल सापडतो आणि त्यात जे शूट झालेलं असतं तोच सिनेमा. पडद्यावर एकच पात्र, त्याची मावशी मंदाबाई. झाडीपट्टीची जुनी कलाकार. तिचे यजमान किसनभाऊ त्याच नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते, पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवायचे. दोन वर्षांमागे ते वारले आणि बाईंनी स्टेज सोडलं. दुसऱ्या कोणाच्या प्रॉम्प्टिंगवर तोंडच उघडत नाही म्हणायच्या.

दुपारी हेडफोन लावून फुटेज बघायला बसलो. बाईंच्या प्रत्येक वाक्याआधी एक पुरुष हळूच तेच वाक्य बोलत होता. मला काहीच वाटलं नाही! झाडीपट्टीच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रॉम्प्टर ऐकू येतोच, आणि तो कापायचा हे माझ्या हाताला पाठ झालंय. तीन दुपारी बसून कापला. एका जागी मात्र तो म्हणाला, "बस थोडी, मंदे. थकली असशील." हे वाक्य बाई बोलल्याच नाहीत. गुपचूप एका दगडावर बसल्या. डायलॉग विसरल्या असतील म्हणून तेही उडवलं.

प्रफुल आला तेव्हा मी तोंडावर रिव्ह्यू दिला. आपल्याला गोड बोलता येत नाही.

"चांगलं आधी ऐक. भूत दाखवलं नाई, हे बेस केलं. भर उन्हात भेव वाटते. मावशी अ‍ॅक्टिंग करून राह्यली असं वाटतच नाई. आता वाईट. जीव घेऊन पळणारा माणूस मोबाईल एवढा सरळ धरते का बे? मावशी बसते तिथं पिक्चर झोपते. अन् प्रॉम्प्टरले माइकच्या एवढ्या जवळ काऊन बसवलं? तीन दिवस त्यालेच साफ करून राह्यलो."

"कोणता प्रॉम्प्टर?"

"अबे, ज्यानं डायलॉग दिले तो!"

"सलीमभाऊ, डायलॉग लिहिलेच नाई ना. मी सीन सांगत होतो, मावशी मनानं बोलत होती. जंगलात आमी दोघंच होतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं थांब, ऐकवतोच तुले. मूळ फाइल लावली... पानांची सळसळ, मावशीचा आवाज, बस. हेडफोन बदलले. त्याच्या मोबाईलमधली फाइल लावली. नाही! माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर मात्र प्रत्येक वाक्याआधी कट मारलेला. मग तीन दिवस मी कापत काय होतो? कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कान ठणठणीत.

प्रफुलने मावशीला सांगितलं असावं. दोन दिवसांनी बाई स्वतः दुकानात आल्या. मी घाबरलोच, मेलेल्या माणसाची थट्टा केली म्हणून शिव्या घालतील. पण त्यांनी शांतपणे सगळं सांगायला लावलं.

"'मंदे' ते घरातच म्हनत," त्या म्हणाल्या. "लोकाईपुढं कधीच नाई."

"मग त्या दगडावर तुम्ही काऊन बसल्या होत्या, बाई?"

"पाय दुखून राह्यले होते म्हून. मले तं कोनाचा आवाज नाई आला."

हेडफोन कानाला लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "आवाज कसा होता, भाऊ? घोगरा होता का?"

"नाई बाई. साफ होता."

"खोकला?"

"नाई."

"शेवटले सा महिने त्याईचा आवाजच गेला होता. घशाचं दुखनं. पाटीवर लिहून दाखवत. माहं नाव बी निंघत नव्हतं तोंडातून." मग पुन्हा, "साफ होता ना?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा मी तेच उत्तर दिलं.

काम करून करून डोकं शिणलं असेल, सवयीने कानच वाजले असतील, असं मित्र म्हणतात. असेलही. पण मग 'मंदे' हा शब्द मला कुठून सुचला? जाणकारांनी सांगावं, मी हात टेकले. बाईंना मात्र मी नुसतं बरं वाटावं म्हणून 'साफ होता' असं सांगितलं नाही. त्या माणसाचा आवाज खरंच साफ होता.