फोडणाऱ्याचा हात

सकाळी नऊला दारं फोडायला जायचं आणि संध्याकाळी साडेपाचला रिकामा डबा घेऊन घरी यायचं, असं चोरभाऊंचं सत्तावीस वर्षं चाललं होतं. हे नाव प्रयोगशाळेतल्यांनीच ठेवलेलं. कारखान्यांकडून नवी कुलपं यायची, ती दारासकट लोखंडी चौकटीत आवळायची आणि चोर वापरतो त्याच हत्यारांनी फोडायची, हे भाऊंचं काम. तीन मिनिटं टिकलं तर कुलूप दुसऱ्या वर्गाचं, पाच टिकलं तर तिसऱ्या. वर्ग चढला की हत्यारंही चढायची. घड्याळ मात्र हत्यार दाराला टेकलेलं असेल तेवढाच वेळ चालायचं. घाम पुसायला थांबलं की तेही थांबायचं.

घड्याळ धरायला एक बाई होत्या. पूर्वी वेल्डिंग करायच्या, बोलायला तुसड्या, नजर मात्र घारीची.

हल्ली भाऊंचं घाम पुसणं वाढलं होतं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. घरी बरणीचं झाकण त्यांनी मुकाट्यानं बायकोपुढे सरकवलं, तेव्हा ती म्हणाली, "जगाची दारं फोडता, आणि लोणच्यापुढे हात टेकलेत?" भाऊ हसले. ऑफिसात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फोडणं गेलं की मागे उरतं ते टेबल, आणि टेबलापाशी बसलेली माणसं भाऊंनी पाहिली होती.

त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. गेल्या वर्षी तिच्याकडे चोरी झाली. गेलं फारसं काही नाही, पण तिची झोप गेली ती गेलीच. झोपताना ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणून दाराच्या कडीखाली अडकवायची. खुर्चीचे पाय घासून फरशीवर दोन पांढरे ओरखडे उमटले होते. भाऊ वर्गांबद्दल समजावायला लागले की ती हात झटकायची.

"वर्गबिर्ग तुझे तुला लखलाभ. जे तुला फुटलं नाही, ते मला आणून दे. बस्स."

पण वर्षभर भाऊंना सगळीच फुटत आली होती.

त्या मंगळवारी तिसऱ्या वर्गासाठी एक कुलूप आलं. अशा कुलपाचे तीन नग येतात. पहिला नग चाचपायचा, त्याचं दुबळं अंग शोधायचं, आणि खरी परीक्षा दुसऱ्यावर. भाऊंनी पहिल्यावरच ते अंग हेरलं. कुलपावरच्या पोलादी पट्टीचा खालचा स्क्रू. तिथून पहार घातली की पट्टी उचलते, पट्टी उचलली की आतला गाभा उघडा पडतो, मग एक पीळ आणि खेळ खलास.

दुसऱ्या नगावर तिसऱ्या मिनिटाला पट्टी उचललीही. आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. पहार निसटली. थांबले. पुन्हा टेकवली, पुन्हा थांबले. मग डाव्या हातानं खेचू लागले, पण डावा हात उजव्याचं कसब कुठून आणणार?

"पाच," बाई म्हणाल्या.

पट्टी तोंड वासून अर्धवट लोंबत होती. कुलूप जागच्या जागी.

प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. "चोरभाऊ, आज उपाशी परतलात की! छान, तिसरा वर्ग. उद्या सही करतो."

बाई कागदावर विश्रांतीच्या खुणा मोजत बसल्या. "भाऊ, एरवी तुम्ही दोनदा थांबता. आज सहा."

"वय झालं, बाई."

"तुमचं झालं. कुलपाचं काय?"

भाऊ हात धुवायला निघून गेले.

संध्याकाळी अक्काचा फोन आला तेव्हा ते जोडे काढत होते. इतके दमले होते की तोंडून निसटलंच, "आज एक टिकलं."

"तुला फुटलं नाही?"

"नाही."

"देव पावला! मी सुताराला सांगून ठेवते. आणि ही मेली खुर्ची परत टेबलाशी नेते. पाहुणा आला की दारापासून ओढत आणावी लागते बघ."

जेवताना भाऊंना त्या ओरखड्यांवरची खुर्ची उचललेली दिसत राहिली.

सकाळी ते साहेबांपुढे उभे राहिले. "सही करू नका. कुलूप टिकलं नाही. माझा हात थकला."

"अहो, पाच म्हणजे पाच. हात कसा हवा, हे नियमात कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. म्हणूनच सांगतोय."

साहेबांनी चष्मा काढला. "हे मी कागदावर घेतलं तर तुम्हाला परत पहार देता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

तिसरा नग चौकटीत आवळला. पहार बाईंच्या हातात, घड्याळ भाऊंच्या. सुरू करताना भाऊंच्या मनात एक लबाड इच्छा डोकावली: टिकू दे. बाईंनाही फुटू नये. म्हणजे दोष हाताचा नव्हता असं होईल, अक्काच्या दारालाही कुलूप मिळेल. बाईंनी खालच्या स्क्रूपाशी पहार घातली, खांदा टेकवला. पट्टी उचलली. एकदाच थांबल्या. मग पीळ दिला, आणि भाऊंना पाठ असलेला तो कोरडा आवाज झाला.

चार मिनिटं नऊ सेकंद. भाऊंनी आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिला. पुढे वर्ग लिहिला, दुसरा. बाईंनी पहार ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले.

दुपारी त्यांनी अक्काला फोन लावला.

"सुताराला नको म्हणून सांग. ते फुटलं."

"अरे, काल तर म्हणालास..."

"काल मी फोडत होतो. आता फोडणारी बदलली."

"दुखतोय का रे हात?"

"दुखतोय."

"मग तिला फुटणार नाही ते आण. नीट फोडते ना ती?"

"माझ्यापेक्षा बरी."

"आणि तोवर?"

भाऊंनी अंगठा चोळला. "तोवर खुर्ची राहू दे तिथंच."