काकूंच्या स्क्रीनवर आम्ही सगळे

सुनंदाकाकू आमच्यावर पाळत ठेवायच्या. उघडउघड, दिवसाढवळ्या आणि अजिबात न लाजता.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं.

मी सिंगापूरला पीएचडीला आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला हेरलं. हातावर प्रसाद ठेवला आणि पहिला प्रश्न, "गाणी कशावर ऐकतेस?"

नाव नाही, गाव नाही, विषय नाही. थेट गाणी.

त्यांची मुलगी ईशा मेलबर्नला शिकायला गेली, ती जाताना लॅपटॉपवर गाण्यांचं ॲप टाकून गेली होती. तेव्हा ते इथे नवंच होतं. त्यात उजव्या बाजूला एक पट्टी दिसायची. आपल्या ओळखीचं कोण आत्ता काय ऐकतंय, ते त्या पट्टीत कळायचं.

काकूंनी स्वतः कधी एक गाणं लावलं नाही. त्या फक्त पट्टी बघायच्या.

आधी ईशासाठी. मग इथल्या युनिव्हर्सिट्यांमधल्या आम्हा सगळ्या मराठी पोरापोरींसाठी.

"फोनवर सगळे मजेतच असतात गं," त्या म्हणायच्या. "खरं काय ते गाण्यावरून कळतं."

ईशा वैतागायची. "आई, यू आर सो केपो, लाह!"

केपो म्हणजे नको तिथे नाक खुपसणारी. काकूंना हा शब्द फार आवडला होता. फोनवर स्वतःच सांगायच्या, "केपोकाकू बोलतेय."

काका हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत. शिस्तीचा माणूस, मोजून बोलणारा. घर बुकित पंजांगला, एलआरटीच्या, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेच्या, अगदी कडेला. इमारतींजवळून जाताना त्या गाडीच्या काचा आपोआप धूसर होतात, कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. काका खिडकीकडे बोट दाखवायचे. "बघ. इथे गाडीलासुद्धा मॅनर्स आहेत."

काकू चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे.

इंग्रजी गाण्याच्या नावात 'अलोन' दिसलं की फोन आलाच समजा. आमचा रोहन अभ्यास करताना पावसाचा नुसता आवाज लावायचा. त्याला फोन: "अरे, दुपारपासून पाऊस काय ऐकतोयस? बाहेर खरा पडतोय, खिडकी उघड की!"

पुढे पुढे आम्ही सोकावलो. डबा हवा असला की एखादं रडकं गाणं लावून ठेवायचं.

"थालीपीठ हवंय ना? मग सरळ माग. त्या गायकाला कशाला रडवतोस उगाच?"

मग माझं ते सेमिस्टर आलं.

प्रयोग फसत होते. गाईड काही बोलले की ते काचेपलीकडून बोलल्यासारखं वाटायचं. सकाळ कधी सरली, दुपार कधी झाली, पत्ता लागायचा नाही. पडदा ओढून पडून राहायचे. आईबाबांना फोनवर "मजेत."

जेवण सुटलं. गाणीही सुटली होती, पण ते माझ्या लक्षातच आलं नाही.

काकूंच्या आलं.

भर दुपारी हॉस्टेलच्या दारात उभ्या. घामाघूम, हातात डबा.

"काकू, पण मी तर काहीच लावलं नव्हतं."

"म्हणून तर आले. रडकी गाणी लावतेस तोवर मला घोर नसतो. तुझं नाव खाली खाली गेलं गं. मग दिसेचना."

उपदेश नाही, प्रश्न नाहीत. "चल घरी," एवढंच.

एलआरटीत बसल्यावर मला रडू फुटलं. त्यांचं स्टेशन आलं. काकू उठल्या नाहीत.

ती गाडी गोल फिरते. आम्ही आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक.

झाडांचे शेंडे, कुणाची वाळत घातलेली चादर, कुणाच्या खिडकीतलं मांजर, सगळं डोळ्यांतल्या पाण्यातून तरंगत जात होतं. मध्येच काचा धूसर व्हायच्या. मग त्या पांढुरक्या उजेडात जग नसायचंच. आम्ही दोघी, आणि मांडीवरचा गरम डबा.

"रड," काकू म्हणाल्या. "आत्ता बाहेरून कुणाला दिसत नाही."

युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे पहिल्यांदा गेले, तेव्हाही त्या बाहेरच्या खुर्चीवर बसून होत्या. पिशवीतली कोथिंबीर निवडत. मी बाहेर आले तोवर जुडी निवडून झाली होती. आत काय झालं, ते त्यांनी कधीच विचारलं नाही. केपो असून!

मी आज आहे. त्यात त्या काउन्सेलरचा वाटा आहे, औषधांचा आहे, आणि त्या कोथिंबीर निवडणाऱ्या बाईचा आहे.

आज सकाळी लॅबमध्ये हेडफोन चढवले, पण काही लावावंसंच वाटेना. कुणासाठी लावायचं? बघणारं कोण आहे आता?

दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर 'काकू घर.'

हेडफोन काढून उचलला.

"मृण्मयी, काका बोलतोय. सकाळपासून तू काही लावलेलं नाहीस."

"काका... तुम्ही बघता?"

"हिचा लॅपटॉप बंद करवला नाही. मला त्यातलं काही कळत नाही. तुमची नावं दिसतात, तेवढी बघतो." घसा खाकरल्याचा आवाज. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"खिचडी टाकतोय. पाणी किती घालायचं ते येऊन सांग."

हे सगळं एलआरटीत बसून लिहितेय. काचा आत्ताच धूसर झाल्या. म्हणजे घर आलं.

काकू, तुमच्यासाठी श्रद्धांजली हा शब्द लिहायला अजून हात वळत नाही.

गाणं लावलंय. तिकडे ती पट्टी असेल तर बघा.

नसली तरी घोर नको. काका बघतायत.