भाऊजी आणि बावीसचं पिस्तूल

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकानात ब्लाऊजपीस मोजत होतो. दुपारचे दोन वाजले असतील. समोर दोन बाया बसल्या होत्या, मीटरपट्टी माझ्या हातात होती आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. “गेले रे,” एवढंच ताई म्हणाली. मी “हो” म्हटलं आणि कापड कापलं. एक मीटरचं सव्वा मीटर झालं, तेही तिरपं. मग शटर ओढलं आणि नेरडीगोंड्याहून आदिलाबादकडे जाणारी पहिली गाडी पकडली. पाऊण तासाचा रस्ता. आधीच्या तीन आठवड्यांत तो मला एकदाही सापडला नव्हता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोलीस खात्यात आर्मरर होते, म्हणजे बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करून चालती ठेवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या घरामागे वांगी-टमाटे लावले, आणि दर रविवारी सकाळी चांदमारीवर, आमच्याकडच्या गोळीबाराच्या मैदानावर, नेमबाजी क्लबातल्या नवशिक्यांना शिकवायला जायचे. आयुष्य हत्यारांत गेलेला हा माणूस इतका हळू बोलायचा की समोरच्याला आपोआप आवाज खाली आणावा लागे. माझ्या दुकानातली सुती कातरण ते पिशवी भरून न्यायचे, बंदुकांच्या नळ्या पुसायला. त्यात तेल न पिणारा टेरीकॉटचा एखादा तुकडा निघाला तर पुढच्या खेपेला तेवढा तुकडा परत आणून माझ्या गल्ल्यावर ठेवायचे.

मी क्लबात गेलो तो त्यांच्या ओढीनं नव्हे, बंदुकीच्या आवाजाच्या ओढीनं. तेव्हा क्लबात दोन पिस्तुलं होती. एक नवं, हलकं, बत्तीस बोअरच्या गोळीचं. दुसरं जुन्या घाटाचं: पोलादी अंग, लाकडी मूठ, मागे बाहेर दिसणारा घोडा. दिसायला एखाद्या जुन्या फौजदाराच्या कमरेला शोभेल असं, पण आत गोळी बावीसची, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक. भाऊजींनी तेच माझ्यापुढे ठेवलं. मी हसलो. “भाऊजी, हे तर टिकल्या फोडायचं खेळणं हाय. मले ते द्या.”

“घे,” ते म्हणाले. वाद घालायची त्यांना कधी गरजच पडत नसे. माझ्याकडे पाठ करून त्यांनी मॅगझिन भरलं आणि बत्तीसचं पिस्तूल माझ्या हाती दिलं. पहिली गोळी कुठे गेली ते त्या मैदानालाच ठाऊक. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी मी दात आवळून चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं. बार झालाच नाही. पण माझा हात मात्र वीतभर खाली गेला होता, आणि क्लबातली सगळी मंडळी माझ्याकडे पाहून हसत होती. भाऊजींनी त्यात बारूद नसलेलं एक खोटं काडतूस भरलं होतं. ओळखू यावं म्हणून त्याला ताईची लाल नेलपॉलिश लावलेली.

“काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाई.”

“दिसन कसं? डोळे मिटले होते. धक्का तर बसलाच नाई, अन् तू आधीच खाऊन मोकळा झाला.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गोळी नाई चुकत, सालेसाहेब. गोळी सुटायच्या आधी माणूस चुकते.”

बत्तीसची गोळी ही जगातली काही मोठी गोळी नव्हे, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र माझी पार जिरली होती.

पुढचं वर्षभर मी ते खेळणंच चालवलं, आणि हळूहळू त्याच्या प्रेमात पडलो. हातात घेतलं की त्याचं वजन आधी नको वाटायचं. भाऊजी म्हणायचे, “वजनाले भिऊ नको. धक्का तेच खाते, तुह्या हातापर्यंत येऊ देत नाई.” खरंच होतं ते. एवढं पोलादी अंग आणि आत एवढीशी गोळी, त्यामुळे बार झाला तरी पिस्तूल जागचं फारसं हलत नसे. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरायचा ती, जरा उचलली जाई आणि परत तिथेच येऊन बसे. ती उठते आणि बसते हे मला दिसू लागलं, म्हणजे माझे डोळे उघडे राहू लागले. चाप कुठे अडतो, श्वास कुठे धरायचा, मनगट कुठे ढिलं पडतं, हे सगळं त्या लहान गोळीनं शिकवलं. मोठ्या गोळीनं फक्त घाबरवलं होतं. आवाजासाठी येणाऱ्यांबद्दल भाऊजींना मनापासून नावड होती, आणि त्यातला पहिला मीच होतो, हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही.

मागच्या वर्षी त्यांना पोटाचा कर्करोग निघाला. मी दोनदा दवाखान्यात गेलो. मग डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं, आणि तिथून पुढे मी गेलो नाही. लग्नसराई होती, दुकानात माणूस नव्हता, गाडी बिघडली होती... कारणं भरपूर होती, आणि सगळी खोटी होती. मला त्यांना कॉटवर तसं पाहायचं नव्हतं. कातरणीची पिशवी काऊंटरखाली भरून ठेवली होती, ती रोज पायाला लागायची. शेवटी त्यांनीच फोन केला. आवाज आधीच हळू, आता तर फोन कानात घालावा लागला.

“काऊन येऊन नाई राह्यला?”

“येतो ना भाऊजी. सोमवारी पक्कं.”

मग म्हणाले, “डोळे मिटून राह्यला का रे?”

मी हसण्यावारी नेलं. सोमवार आला आणि गेला. गुरुवारी ताईचा फोन आला.

तेराव्यापर्यंत मी त्या घरी रोज होतो. मंडप, ताटं, पाहुण्यांची ने-आण, सगळं मी पाहिलं. फक्त त्यांच्या खोलीत गेलो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं. गेल्या रविवारी, महिना उलटल्यावर, ती कातरणीची पिशवी घेऊन गेलो. का नेली ते मलाही सांगता येणार नाही. ताईनं ती माझ्या हातातून घेतली, सवयीनं आत हात घालून टेरीकॉट आहे का पाहिलं, आणि मग तिचा चेहरा एकदम पडला. कपाटातून तिनं एक छोटी डबी आणून दिली. आत ते खोटं काडतूस होतं. नेलपॉलिश बरीच उडालेली.

“तुले द्याले सांगलं होतं,” ती म्हणाली. “मी तुह्यावर लय चिडली होती. तर मलेच म्हणे, ‘त्याले बोलू नको. त्याचे डोळे आधीच मिटतेत. सवय हाय, सुटन हळूहळू.’”

बसायला काही आहे का म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. ताई म्हणाली, “आत बस.”

आत कॉट होती, तिच्यावर घडी घातलेली चादर. उशाशी एक लाकडी खुर्ची, अगदी कॉटला टेकवून ठेवलेली. मी ती जरा मागे ओढायला गेलो तर ताई दारातून म्हणाली, “असू दे. तिथंच ठेवाले लावली होती त्यायनं. तू येशीन म्हणून. कोणाले बसू नाई दिलं तिच्यावर.”

मी त्या खुर्चीवर बसलो. काडतूस मुठीत होतं. रिकाम्या कॉटकडे पाहत राहिलो, आणि डोळे मिटू दिले नाहीत.