शेप्याची कोय

माणिककाकांच्या हातात खुरपं आणि नजर बांधावर, हे चित्र मला पाठ आहे. चुडाव्याच्या शिवारात त्यांच्या बांधावर आंब्याचं, जांभळाचं, चिंचेचं रोप वीतभर झालं की काका ते मुळासकट उपटायचे. आमच्या घराण्यात झाडांचा असा वैरी दुसरा झाला नाही, आणि झाडाला इतका जीव लावणाराही.

कारण शेप्या याच काकांचा. विहिरीजवळचा गावरान आंबा, बडीशेपेच्या वासाचा. अढी उघडली की वास शेजारच्या आळीपर्यंत जायचा, आणि आम्ही भावंडं कोय पांढरी होईपर्यंत चोखत बसायचो. आता पूर्ण्याच्या बाजारातून महागाचा हापूस आणतो, पण खाताना उगाच फसवल्यासारखं वाटतं.

शेप्याशेजारी एक जांभूळ होतं. ते वाळलं, तेव्हा वीसेक वर्षांपूर्वी काकांनी गोठ्याला लाकूड होईल म्हणून तोडलं. स्वतःच्या रानातलं, स्वतः लावलेलं झाड तोडायलाही परवानगी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंचनामा झाला, दंड झाला, लाकूड जप्त झालं आणि कचेरीच्या अंगणात वाळवीने खाल्लं. त्या वाळवीचं काकांना फार लागलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, रोपटं आपलं, झाड सरकारचं. म्हणून झाड होऊच द्यायचं नाही. नियम झाडं वाचवायलाच केला असेल, कोण नाही म्हणतंय? पण आमच्या गावात त्याने बांध बोडके केले. काकांचं बघून सगळ्या भावकीने खुरपी उचलली.

कस्तुराकाकू दर ज्येष्ठात शेप्याच्या कोया उकिरड्याच्या कडेला पुरायची आणि काका आषाढात उगवलेली रोपं उपटायचे. दोघांचं दरवर्षी यावरून वाजायचं. काकू चार दिवस अबोला धरायची, मग सणाच्या पुरणापाशी तो आपोआप सुटायचा.

यंदा चैत्रात गारपीट झाली आणि शेप्या मुळासकट आडवा झाला. अंगावर कैऱ्या होत्या, पण कोवळ्या. त्यांतली एकही कोय रुजण्याजोगी नव्हती. या खेपेला काकांनी रीतसर अर्ज केला, सातबारा जोडला, शिक्का मिळवला. लाकूड उचललं गेलं तेव्हा मी गावातच होतो. रिकाम्या खड्ड्याकडे बघत काका म्हणाले, "माज्याच हातानं त्याचा वंश बुडविला की रे मी." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

काकू मागेच उभी होती. ती म्हणाली, "बुडाला न्हाई."

बारा वर्षांपूर्वी ज्येष्ठातच त्यांच्या राजेश्रीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी काकूने लेकीच्या ओटीत तांदूळ-नारळाखाली शेप्याच्या दोन कोया घातल्या होत्या. परसात लाव आणि बापाला कळू देऊ नको, असं कानात सांगितलं होतं. एक कोय कुजली. दुसरी लेकीच्या सासरी, राणीसावरगावात रुजली, आणि यंदा त्या झाडाने पहिल्यांदाच फळ धरलं होतं. बारा वर्षं काकूने हे पोटात ठेवलं.

कोयीचं झाड आईवर जाईलच असं नसतं. ज्येष्ठ लागताच काका लेकीकडे गेले, पण जाताना ते हीच धास्ती घेऊन गेले होते. राजेश्रीने पाडाचा आंबा हातात दिला. काकांनी तो नुसता हुंगला आणि जावयासमोर रडायला लागले. वास शेप्याइतका नव्हता, पण होता.

पुढच्या रविवारी मी चुडाव्याला गेलो, तर काका त्याच खुरप्याने खड्ड्यातली माती मोकळी करत होते. शेजारी पिशवीत सात कोया. काकू कळशी घेऊन उभी होती. मी चिडवलं, की काका, हे मोठं झालं म्हणजे पुन्हा परवानगी आली.

काकांनी पहिली कोय मातीत दाबली.

"तोडायला लागती परवानगी," ते म्हणाले. "लावायला लागती का, हे येवढ्या सालात मी कुणाला इचारलंच न्हाई."