जावेच्या नवसाची कोंबडी

नवस बोलली माझी जाऊ आणि कोंबडी आली माझ्या अंगणात. आमच्या घरात हे असंच चालतं. पुण्य तिचं, उस्तवारी माझी.

ही धाकटी जाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहते, इतक्या वरच्या मजल्यावर की खिडकीतून खाली बघितलं तर माणसं ओळखू येत नाहीत. तिच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता. तेव्हा बोनालूच्या, म्हणजे इथल्या देवीच्या आषाढातल्या जत्रेत तिनं पदर पसरला, की व्हिसा मिळू दे, घरी वाढवलेली कोंबडी तुला वाहीन. व्हिसा मिळाला, पोरगा गेलाही. आता कोंबडी वाढवायची कुठं? तिच्या सोसायटीत कुत्रा लिफ्टमधून न्यायचा तरी चार जणांना विचारावं लागतं. मग अंगण कुणाकडं आहे? तारनाक्याला, अक्काकडं, म्हणजे माझ्याकडं. एका रविवारी ती आणि भावजी गाडीतून उतरले. बुटाच्या खोक्यात एक तलंग, अजून अंड्यावरही न आलेली, पायात हळदीचा दोरा. "अक्का, हीच बोललेली आहे हं, बदलायची नाही," असं मला दारातच बजावलं. जशी काही मी हिला खाऊन दुसरी उभी करणार होते.

आमचे सासरे परभणीकडचे शेतकरी. रेल्वेत लागले आणि इथं घर बांधून राहिले. त्या एका गोष्टीवरून मला कोंबड्यांतलं सगळं कळतं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. जाऊ पण शेतकऱ्याच्याच घरातली, पण तिला म्हणे कोंबडीला हात लावला की शिसारी येते. रश्श्यातली असली की येत नाही, बरं का. तेव्हा बोटं चाटते.

कोंबडी मात्र गुणाची निघाली. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहायची आणि मी चहा गाळीपर्यंत मान वाकडी करून बघत राहायची. घरात माझ्याकडं एवढ्या लक्ष देऊन बघणारं दुसरं कुणी नाही. नवरा रिटायर झाल्यापासून फोनमध्ये बघतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस ती आजारी पडली. पिसं फुलवून कोपऱ्यात उभी, शेपूट खाली, डोळे मिटलेले. मधूनच सगळं अंग ताणून जोर करायची आणि थकून बसायची. नवऱ्यानं खुर्चीतूनच निदान केलं, "ऊन लागलं असेल." हा माणूस ताप आला तरी ऊन म्हणतो आणि कंबर धरली तरी ऊनच म्हणतो. "खालीपिली परेशान नक्को हो," असंही वर म्हणाला आणि फोनमध्ये शिरला.

मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना कसला, सलून. गाद्यांच्या खुर्च्या, थंडगार हवा, आणि एकेका बाईच्या मांडीवर एकेक कुत्रं, काहींच्या केसांना रिबिनी. माझ्या पिशवीतून कोंबडीनं डोकं बाहेर काढलं तर त्या बाया अशा सरकल्या, जशी काही मीच घाण करून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, कोंबडी. "नाव आंटी, नाव," ती म्हणाली. मी म्हटलं, तेच लिही.

डॉक्टर तरणा होता. आधी हसला. मग म्हणाला, "आंटी, इसको पकाके दुसरी ले लो ना." मी म्हटलं, तुझ्या शिक्षणावर आईबापांनी पैसा घातला तो एवढं सांगायला का? मग हसणं थांबलं. तपासलं त्यानं. आत अंडं अडकलं होतं आणि त्यामुळं सूज आली होती. म्हणाला, कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा, सकाळ-संध्याकाळ, अंधारात ठेवा, हे कॅल्शियम, हे औषध. जगेल याची खात्री नाही.

झालं, जुनी टोपली आणि न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं घमेलं, असा माझा संसार सुरू झाला. डावा हात तिच्या पोटाखाली, उजव्या हातानं पाठीवर, मानेवर पाणी सोडायचं. पहिल्यांदा तिनं असं अंग झाडलं की मीच न्हाले. पंख फडफडवले, बोचकारलं. मग हळूहळू तिला कळलं असावं. अंडं पडलं एकदाचं, वेडंवाकडं, पातळ सालीचं. पण सूज राहिली आणि ती खाईना. मी भाकरी कुस्करून, अंगठ्यानं चोच उघडून एकेक घास आत सारायची. पुढं पुढं पाण्यात बसवलं की ती मान माझ्या मनगटावर टाकून झोपायला लागली. डोक्यावर पाणी पडलं तरी हलायची नाही. मला ती आवडायला लागली होती. खोटं कशाला बोलू, पोटच्या पोरासारखी आवडायला लागली होती.

आणि रोज जावेचा फोन. "अक्का, कशी आहे?" पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई सुधारली. मग कळलं. "आजारी चालत नाही ना देवीला. आषाढापर्यंत होईल ना ठणठणीत? वजन भरेल ना?" म्हणजे मी इकडं रात्रंदिवस खपायचं, कोंबडीचा जीव वाचवायचा, आणि वाचला की नेऊन सुरीखाली द्यायचा. मेली तर निदान माझ्या हातात, गार फरशीवर मेली असती. हे मला पुरतं कळत होतं आणि तरी मी घास भरवत होते, कारण समोर तोंड उघडून बसलेल्या जिवाला मी काय सांगणार होते? मी जावेला म्हटलं, "अगं, कोहळा फोड, नारळ फोड. ही राहू दे." ती म्हणाली, "नवस म्हणजे काय ऑनलाइन ऑर्डर आहे का, बदलायला?" नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, देवाच्या कामात आपण पडू नये. तो कुठल्याच कामात पडत नाही.

आषाढ लागेपर्यंत कोंबडी टुणटुणीत झाली. तुरा लालभडक. जाऊ बघायला आली आणि दुरूनच म्हणाली, "काय छान भरलीय!" मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बोनालूच्या रविवारी देवळात गेलो. डोक्यावर भाताची मडकी घेतलेल्या बाया, ढोल, चिखल, आणि त्यात आमची जाऊ रेशमी साडी नेसून. जनावर वाहायची एक रीत असते. त्याच्या अंगावर हळदीचं पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की देवीनं पत्करलं. नाही झाडलं तर सुरी लावत नाहीत. सहसा सगळीच झाडतात, अंगावर अचानक पाणी पडल्यावर कोण झाडणार नाही? पुजारीण जावेला म्हणाली, तुमचं आहे, तुम्ही धरा. जावेनं हात मागं घेतले. "मला नाही जमायचं बाई. अक्का, तूच धर ना."

मी धरली. डावा हात पोटाखाली. दुसरी पकड माझ्या हाताला ठाऊकच नव्हती.

पुजारिणीनं कडुलिंबाच्या डहाळीनं पाणी शिंपडलं. कोंबडीनं मान माझ्या मनगटावर टाकली. पुन्हा शिंपडलं. तिनं डोळे मिटले. मग तांब्याच तिच्या पाठीवर रिकामा केला, ढोल कानाशी आणून वाजवला, भावजींनी मोठ्यानं देवीची करुणा भाकली. कोंबडी झोपली होती. मला ते दुसऱ्या शिंपडण्यालाच उमगलं होतं आणि मी हात जराही हलू दिला नाही. पुजारीण म्हणाली, "अम्माला नको आहे. घरी न्या." मागे रांग होती, तिला वेळ नव्हता. भावजींनी कोहळा फोडला आणि आम्ही परतलो. गाडीत मी मनातून इतकी खूश होते की जावेकडं बघितलंसुद्धा नाही.

ती रडत होती. तेव्हा मला वाटलं, रडू दे. रश्श्यासाठी रडतेय.

पण तिचं ते थांबलं नाही. देवीनं नवस परत केला असं तिच्या मनानं घेतलं. पोराला सर्दी झाली तरी तिला धस्स व्हायला लागलं. आणि या वर्षी त्याची नोकरी गेली. तिकडं सगळ्यांच्याच जातायत, रोज बातम्या आहेत, पण ते हिला कोण सांगणार? ती आता दर शुक्रवारी कुकटपल्लीहून तारनाक्याला येते. येताना ज्वारी आणते, कोंबडीपुढं ठेवते आणि हात जोडते. आधी कापायला निघाली होती, आता पाया पडते. या बाईला मधलं काही जमतच नाही.

मागच्या शुक्रवारी कोंबडी जरा लंगडत होती. जाऊ न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसली आणि तिनं कोंबडी उचलून मांडीवर घेतली. पहिल्यांदाच. "अक्का," ती म्हणाली, "माझ्या हातून काय चुकलं असेल गं? का नाही पत्करलं देवीनं? माझ्या पोराचं काय होणार?" डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

एका वाक्याचं काम होतं. माझ्या हाताची सवय आहे तिला, दुसऱ्या कुणी धरली असती तर झाडलं असतं अंग. एवढं ऐकून ती सुटली असती. मग डोळे पुसून उठली असती आणि येत्या आषाढात भावजींच्या हातात कोंबडी दिली असती. मला जाऊ चांगली ठाऊक आहे.

"नीट धर," मी म्हटलं. "पंख दाबू नकोस."