सात गोधड्यांपैकी तीन

ते प्रकरण आठवलं की मला आरोपी आधी आठवत नाही, माझ्या हातातली पक्कड आठवते. कस्टमचं सील त्या पकडीनं मी स्वतः कापलं होतं, दोन पंचांसमोर, मोठ्या रुबाबात. कापण्याआधी कस्टमच्या अधिकाऱ्याला बोलवायचं असतं, हे मला अर्ध्या तासानं कळलं. तेही खुद्द त्या अधिकाऱ्याकडून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवी मुंबईत सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही; पण द्रोणागिरीच्या एका गोदामातून आपल्याला कसं काढलं, हे मात्र दोन वेळा सांगितलं. मग मुद्द्यावर आला. "परदेशी जानाऱ्या घरसामानाच्या नऊ पेट्या हायत. पाच नंबरची उघडा. चंदन हाय."

माहिती खरी निघाली. पाच नंबरच्या पेटीत वर गोधड्या आणि खाली चंदनाचे ओंडके. पंचनाम्यात मी 'वर जुनं अंथरूण-पांघरूण' एवढंच लिहिलं आणि चंदनाचं वजन मात्र दोनदा करून घेतलं.

कस्टमचा अधिकारी आला तो शांत माणूस होता. तुटलेलं सील त्यानं टेबलावर ठेवलं. "एक फोन केला असतात तर बरं झालं असतं. आता वकील म्हणेल, चंदन पोलिसांनीच ठेवलं."

"असं कसं म्हणेल?"

"मी वकील असतो तर मी म्हटलं असतं."

मग त्यानं मला चहा पाजून नियम समजावला. घरसामान बोटीनं परदेशी न्यायचं तर पेटीवार यादी द्यावी लागते. सगळं आपलंच वापरलेलं सामान आहे, असं मालक सही करून सांगतो. कस्टमवाले नमुन्याला एक-दोन पेट्या उघडून बघतात आणि सगळ्यांना सील लावतात. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

सही होती एका निवृत्त हेडमास्तरांची. उरणकडचं कोकणी मुसलमान कुटुंब. एकुलता एक मुलगा इंग्लंडला, त्याच्याकडे नवरा-बायको कायमचे निघाले होते. घर विकून झालं होतं, मुक्काम मेहुण्याकडे, आणि व्हिसाची मुदत संपायला आठ दिवस. मास्तरांना अटक झाली असती तर मुलाकडे जाणं कायमचं संपलं असतं. चंदनचोराला व्हिसा परत कोण देणार?

मी मास्तरांना समोर बसवलं.

"पाच नंबरच्या पेटीत काय होतं?"

"घरातलं सामान."

"म्हणजे काय काय?"

"म्हणजे… घरातलंच."

"पेटी तुमच्या समोर भरली ना?"

"मी पडवीत होतो. पेपर वाचत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, की खोटं बोलणारा तपशील पाठ करून येतो. मास्तरांना एकही तपशील सांगता येत नव्हता. तरी त्या दिवशी मी माझाच धडा विसरलो आणि म्हातारा लपवतोय असं धरून चाललो.

गोदामाचा मुकादम मात्र घडाघडा बोलला. टेम्पो किती वाजता आला, खिळे कोणी ठोकले, पट्ट्या कोणी मारल्या, सगळं. वर मलाच धीर दिला. "साहेब, आमी फक्त पॅकिंग करतो. कागदावर सही मास्तरांची हाय ना? मग आमाला टेन्शन कशाला देता?" नियमानं तो बरोबर होता, हेच माझं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अटकेचे कागद काढायला घेतले. मास्तरांची बायको आदल्या दिवसापासून व्हरांड्यातल्या बाकावर डबा घेऊन बसली होती. मी बाहेर जाऊन म्हणालो, "चाची, तुम्ही घरी जा. इथं बसून काही होणार नाही."

"दोन दिवस ह्यांना काय विचारताय?" ती म्हणाली.

"पेटीत काय होतं ते."

"ह्यांना स्वतःचा चष्मा घावत नाय, साहेब. पेट्या मी भरल्या. मला कोनीच विचारलं नाय."

तिनं पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढलं. पाठीमागे पेन्सिलीनं नऊही पेट्यांचा हिशोब होता. कस्टमच्या यादीत 'अंथरूण-पांघरूण' होतं, तिच्या यादीत 'गोधड्या सात, मधी पितळेचा तांब्या'.

"तुमाला किती मिळाल्या?" तिनं विचारलं.

मी मोजल्याच नव्हत्या. हवालदाराला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "चार, साहेब. तांब्या नाही."

"मग तीन कुठं गेल्या?" चाचीनं हे मला विचारलं, मी शाळेतला पोरगा असल्यासारखं.

चंदनाला जागा करायची तर काहीतरी बाहेर काढावं लागणारच, आणि पेटीला खिळे ठोकले होते गोदामात. निघण्याआधी मी तिचा जबाब लिहून घेतला. कोणतीही गोधडी दाखवण्याआधी. ती म्हणाली, "एकीत माझ्या लेकाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा शिवलाय. बटनासकट." यावेळी कस्टमच्या अधिकाऱ्याला फोन करून, त्याला बरोबर घेऊनच गोदामात गेलो.

मुकादमाच्या केबिनमध्ये खाट होती, खाटेवर दुहेरी घडी घालून गोधडी. तो म्हणाला, "आईनं शिवलीय." मी जबाब वाचून दाखवला आणि पंचांना ती उलटी करायला सांगितली. कोपऱ्यात पांढरा खिसा होता, त्यावर बटण. मुकादम खाटेवर बसला आणि स्वतःच बोलायला लागला. चंदन कोणाचं, तिकडे पेटी उतरवून घेणारा कोण, बाकीच्या दोन गोधड्या आणि तांब्या कुठे गेले, सगळं. ही गोधडी का फेकली नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मऊ लागली, साहेब."

त्या गोधडीनं मास्तरांना सोडवलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. कोर्टात वकिलानं सील कापल्याचा मुद्दा काढलाच. पण पेटीतून गोधडी माझ्या पकडीच्या आधीच गेली होती, त्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

कस्टमच्या त्या अधिकाऱ्यानं माझ्या साहेबांकडे तक्रार केली असती तर मी कुठे बदलून गेलो असतो कोण जाणे. त्यानं तसं केलं नाही. उलट एका दिवसात नऊही पेट्या पुन्हा तपासून नवीन सील लावलं. मास्तर आणि चाची मुदतीच्या दोन दिवस आधी विमानात बसले. निघताना चाची ठाण्यात आली होती. मी माफी मागायची जुळवाजुळव करत होतो, तर तिनंच डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी ऐकलंत, ते लय झालं." तिचे आणि त्या कस्टमच्या अधिकाऱ्याचे उपकार मी आजही मानतो. तेव्हापासून तपासात मी एक पाळलं. कागदावर सही कोणाची हे नंतर, काम कोणाच्या हातानं झालं हे आधी विचारायचं.

चाची भेटून गेली त्या संध्याकाळी घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. थोडं माझ्या बाजूनं, पण सील कापल्याचंही सांगितलं. ती पोळी वाढत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आपण कधी असं घर हलवलं तर सही तुम्हीच करा. पण कोणी चौकशीला आलं, तर त्याला आधी स्वयंपाकघरात पाठवा."