रेखाताईंनी आपला आजार सांगितला तेव्हा

दौंडच्या सायबर कॅफेतून लिहितेय मंडळी, कारण दुपारचा प्रसंग मनातून जात नाही.

मानसिक आजारांवरच्या आमच्या संशोधनात घरोघरी मुलाखती घ्यायला रेखाताई रुजू झाल्यात. त्यांना स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत. हा आजार जगलेली माणसंच या कामाला हवी होती.

आज आम्ही दोघी भांडगावात एका घरी गेलो. तिथली मंगल बरीच वर्षं आजारी आहे. तिचे वडील म्हणाले, "पोरीला काय इचारू नका. ती बोलत न्हाई."

"आप्पा, मलाबी ह्योच आजार हाय," रेखाताई म्हणाल्या. "रोज गोळी घेते."

आप्पा लगेच माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमीच इचारा. ह्यांना भाईर बसवा."

मुलाखत हातची जाईल, म्हणून मी क्षणभर घुटमळले. मग मी म्हणाले, "विचारतील तर ताईच. नाहीतर आम्ही दोघी निघतो."

आप्पा ऐकेनात. आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात मंगल दारात आली.

"ताई, गोळीनं तुमालाबी लई झोप येती का?"

"आधी यायची. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेतली."

"मला कुणी इचारलंच न्हाई," म्हणत मंगल उंबऱ्यावर बसली. रेखाताई तिच्याशेजारी टेकल्या. आप्पा म्हणाले, "बसा मग."

परतताना ताई म्हणाल्या, आधीच्या नोकरीत त्या डबा खायच्या वेळी गोळी लपवून घ्यायच्या.

तुमच्या ऑफिसात कुणाला अशी गोळी सगळ्यांसमोर घेता येईल का? खरंखरं सांगा.